आईबाबा माळवदाखाली, मुलगा सातव्या मजल्यावर: भूकंपात कोणी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. आईवडील हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या गावी, आजोबांच्या काळातल्या दगड-मातीच्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घरात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला तिकडे ४.५ चे धक्के बसले, तेव्हापासून आई रात्री नीट झोपत नाही. गावात कुणी सांगतं बाहेर पळा, कुणी सांगतं पलंगाखाली शिरा. घरच्या ग्रुपवर तिसरंच फिरतंय: पलंगाखाली अजिबात जाऊ नका, शेजारी आडवे व्हा, तिथे ‘जीवनाचा त्रिकोण’ तयार होतो. खरं काय मानायचं?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर औसा आणि उमरगा तालुक्यांत घरं मजबूत करण्याच्या कामावर होतो, पुढची वीसेक वर्षं पुण्यात इमारती तपासण्यात गेली. म्हणजे तुमच्या घरातली दोन्ही छतं माझ्या ओळखीची आहेत. आणि दोन्हींसाठी उत्तर एक नाही. डोक्यावर काय आहे आणि मोकळं आभाळ किती पावलांवर आहे, एवढ्यावर सगळं ठरतं. टीव्हीवर दाखवतात ती टेबलाखाली बसायची सूचना सिमेंट-लोखंडाच्या इमारतींसाठी बरोबर आहे. ती जशीच्या तशी माळवदाच्या घरात नेली तर आईबाबांच्या कामाची नाही.

आधी आईबाबांचं घर बघू, कारण खरा धोका तिथे आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं उशिरा झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी भागात ६.२ चा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. जगाच्या हिशेबात ६.२ हा काही राक्षसी भूकंप नव्हे. माणसं मेली ती भिंती आणि माती अंगावर येऊन. त्या वेळच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, त्यामुळे घर बांधताना भूकंपाचा विचार करायला कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. २००२ मध्ये नकाशा सुधारला, झोन एक काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला. घरं अर्थातच जुनीच राहिली.

माळवदाचं वजन लोकांना कळत नाही, कारण ते एका दिवसात चढलेलं नसतं. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा हात देतात. जुना थर कुणी काढत नाही. तीस-चाळीस वर्षांत तो फूट-दीड फूट होतो. तुमच्या आईबाबांची झोपायची खोली दहा बाय बाराची धरा. एक फूट थर म्हणजे १२० घनफूट माती. घनफुटाला ४५ ते ५० किलो धरली तरी साडेपाच-सहा टन. भरलेला ट्रकच म्हणा ना, लाकडी खांबांवर तोललेला. भिजली की आणखी जड.

भिंतीचं दुखणं वेगळं. दोन-अडीच फूट रुंद भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला एक दगडी रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये भर: गोटे, कपच्या, माती. दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड गवंड्याने घातले असतील तर ठीक, बहुतेक ठिकाणी ते नसतात. जमीन हलली की ही दोन अंगं एकमेकांपासून सुटतात आणि भिंत उकलते, एक अंग आत, एक बाहेर.

औसा तालुक्यात आमच्याबरोबर एक वयस्कर गवंडी होते. कागदावरचा नकाशा त्यांना फारसा रुचायचा नाही. ते भिंतीजवळ जायचे, थापीच्या दांड्याने खालपासून वरपर्यंत ठोकत जायचे आणि कान लावायचे. एका घरात कंबरेएवढ्या उंचीवर ठणठण आवाजाचा एकदम बदबद आवाज झाला. ते मागे सरकले आणि म्हणाले, “साहेब, हिला पोट सुटलंय.” ओळंबा सोडून बघितला तर भिंत मधोमध तीन बोटं बाहेर आलेली. घरात त्याच भिंतीला टेकून दोन पोरांची अंथरुणं होती. आम्ही काहीही करण्याआधी ती अंथरुणं उचलून दुसऱ्या बाजूला नेली. भूकंपापासून वाचवण्याचं त्या घरात झालेलं पहिलं काम तेच, आणि त्याला पाच मिनिटं लागली.

किल्लारीच्या परिसरात आणखी एक गोष्ट ठिकठिकाणी दिसायची. भिंती पूर्ण ढासळलेल्या, पण खणांचा लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि त्यांवरच्या तुळया, तसाच उभा. जिथे माळवदाचं ओझं खांबांनी पेललं होतं तिथे हे झालं. जिथे तुळया सरळ दगडी भिंतीत खोवल्या होत्या तिथे भिंतीबरोबर छतही आलं. आईबाबांच्या घरात यांतलं काय आहे, ते गावी गेल्यावर आधी बघा. भिंतीला लागून खांब आहेत का? तुळई खांबावर बसली आहे की भिंतीत? खांब तळाशी कुजलेला नाही ना? टोच्याने टोचून बघा, मऊ लागला तर तो खांब असून नसल्यासारखा.

आता धक्का बसला तर काय करायचं ते.

ते तळमजल्यावर आहेत, दार चार-सहा पावलांवर आहे आणि दाराबाहेर मोकळं अंगण आहे, असं असेल तर बाहेर पडायचं, लगेच. दगड-मातीच्या, जड छताच्या घराला हा नियम लागू आहे आणि जगभरातले जाणकार तो तसाच सांगतात. पण ‘मोकळं अंगण’ या शब्दांवर अडून बसा. दार अरुंद गल्लीत उघडत असेल आणि दोन्ही बाजूंना तशाच दगडी भिंती असतील, तर बाहेर जाणं म्हणजे एका भिंतीखालून उठून दोन भिंतींमध्ये उभं राहणं. अशा घरात परसदाराचा रस्ता मोकळा करा. तिथे सरपणाचा ढीग आणि जुनं ट्रंक असतं, मला ठाऊक आहे, सगळीकडे असतं.

दुसरी गोष्ट, वय. तुमचे वडील सत्तरीचे आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. अंधारात, उंबरठा ओलांडून, हलत्या जमिनीवर धावायचं म्हणजे पडणं आलंच. डहाणू भागात २०१८ च्या अखेरीपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा २०१९ च्या फेब्रुवारीत एक दोन वर्षांची मुलगी घाबरून बाहेर पळताना पडली आणि डोक्याला लागून गेली. घर तिच्यावर पडलं नव्हतं. म्हणून रस्ता आधी पायाखालचा झाला पाहिजे. एकदा दिवसा आणि एकदा लाईट घालवून रात्री, अंथरुणापासून अंगणापर्यंत दोघांना चालवा. किती पावलं होतात ते मोजा. आई हसेल, हसू दे.

बाहेर पोहोचणं शक्यच नसेल तर? मग खणाच्या आत, शाबूत लाकडी खांबाला लागून, दगडी भिंतीपासून जमेल तितकं लांब, गुडघ्यावर बसून मान आणि डोकं उशीने किंवा हातांनी झाकायचं. ही हमी नाही. वाईटातला बरा पर्याय आहे, आणि तो किल्लारीत जे उभं राहिलेलं दिसलं त्यावरून सांगतोय. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला जुना आहे, तो सोडून द्या. आपल्याकडची चौकट त्याच सुट्या दगडांच्या भिंतीत बसवलेली असते.

वेळ किती मिळतो, हेही समजून घ्या. भूकंपात आधी येतात त्या लाटा वेगवान पण सौम्य, सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या. मोडतोड करतात त्या मागून येणाऱ्या, साधारण साडेतीन किलोमीटर वेगाच्या. पहिला हलका धक्का आणि मोठी घुसळण यांतल्या सेकंदांना आठाने गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर होतं याचा अंदाज येतो. केंद्र गावापासून आठ-दहा किलोमीटरवर असेल तर हातात जेमतेम एक सेकंद. अँड्रॉइड फोनवर २०२३ पासून भूकंपाचा इशारा भारतातही मिळतो, तो चालू ठेवायला हरकत नाही. पुण्यात बसून दूरच्या मोठ्या भूकंपाचा इशारा काही सेकंद आधी मिळू शकतो. पण केंद्र गावाच्या पोटातच असेल तर फोन वाजेपर्यंत गाव हललेलं असेल.

म्हणून माळवदाच्या घरात बहुतेक जीव भूकंपाच्या आधीच वाचवावे लागतात. क्रमाने सांगतो, स्वस्तातलं आधी.

बाज हलवा. बाहेरच्या दगडी भिंतीपासून दूर, दाराच्या जवळ, खांबाच्या आडोशाला. घराला पुढे पत्र्याची ओसरी असेल तर झोपायची जागाच तिथे करा. पण पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवलेले असतात, ते आधी उतरवा. हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले तेव्हा प्रशासनानेही हेच सांगितलं होतं. वाऱ्याची भीती असेल तर पत्र्याला हूक-बोल्ट मारून घ्या, गावातला वेल्डर एका दुपारात करून देतो.

मग माळवद उतरवा. सगळं नको, वरचे थर. माती निम्मी केली तरी डोक्यावरचं तीन टन कमी झालं. गळू नये म्हणून वरून जाड प्लास्टिक आणि पातळ मातीचा थर देता येतो. हे काम उन्हाळ्यात करायचं आणि माती एका बाजूने ओढत नेऊन ढीग करायचा नाही. दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची, नाहीतर सांगाडा एका अंगाला कलतो. मजुराला एवढं सांगितल्याशिवाय वर चढू देऊ नका.

खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी तिरके लाकडी टेकू बोल्टने पक्के करा. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही, एवढंच त्यामागचं गणित. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात हूक असलेली सळई घालून काँक्रीट भरतात, म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात. भोक पाडताना घण नाही, बारीक पहार, दगड हळूच सुटा करून काढायचा. आणि दरवाजाच्या वर, चारही भिंतींवरून फिरणारा पट्टा: आतून-बाहेरून वेल्डेड जाळी आणि सिमेंटचा गिलावा. पेटीला सुतळी बांधल्यावर जसं होतं तसं घराचं होतं. आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५ या मानकांत हे सगळं आकृत्यांसह दिलेलं आहे आणि किल्लारीनंतर शेकडो गावांत ते करून झालंय. गावचा गवंडी हे पहिल्यांदा करत असेल तर पहिली दोन भोकं इंजिनिअरने समोर उभं राहून करून घ्यावीत. मी तशी घरं पाहिली आहेत जिथे पट्टा तीन भिंतींवर आहे आणि चौथ्या भिंतीला पैसे संपले. असा पट्टा बांधून उपयोग नाही, तो गाठ न मारलेल्या दोरीसारखा.

आता तुम्ही, सातव्या मजल्यावर.

पळू नका. सात मजले म्हणजे चौदा वळणं, आणि जोराच्या हालचालीत माणूस दोन पावलं धड टाकू शकत नाही. जिना हा इमारतीचा ठिसूळ भाग, आणि खाली पोहोचलात तर वरून खिडक्यांच्या काचा, गच्चीचे कठडे, एसीची बाहेरची पेटी येते. खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून राहा. पाय धरायला विसरतात लोक, आणि मग टेबल एकीकडे सरकतं, माणूस दुसरीकडे. टेबल नसेल तर आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकी आणि कपाटापासून दूर, मान झाकून. रात्री अंथरुणात असाल तर तिथेच पालथे होऊन उशी डोक्यावर. लिफ्ट नाही, बाल्कनी नाही.

‘जीवनाच्या त्रिकोणा’बद्दल. तो फॉरवर्ड पूर्ण कोसळलेल्या इमारतींतले ढिगारे बघून निघालेला आहे. ढिगाऱ्यात पोकळी कुठे सापडली हे नंतर दिसतं, हलत असताना ती कुठे होणार हे कुणाला सांगता येत नाही. आणि व्यवस्थित बांधलेल्या इमारतीत जखमी होणारे बहुतेक लोक छताने नव्हे, अंगावर पडणाऱ्या वस्तूंनी जखमी होतात. पलंगाच्या शेजारी उघड्यावर आडवं झालेल्या माणसावर कपाट पडतं. फक्त एक कबुली देतो: हल्लीचे पलंग खालून बंद पेटीसारखे असतात, त्यांच्याखाली शिरायची सोयच नाही. तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी कपाट नसलेल्या बाजूला बसणं एवढंच उरतं. त्याला त्रिकोण म्हणायची गरज नाही.

म्हणून आधी कपाटं. लोखंडी कपाट, पुस्तकांचं शेल्फ, स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, फ्रीज यांना वरच्या बाजूला एल आकाराच्या पट्टीने भिंतीला खिळवा. विटांच्या भिंतीत रॉलप्लग पुरतो, पोकळ ब्लॉकच्या भिंतीत नुसता स्क्रू मारला तर गिलाव्यासकट बाहेर येतो, तिथे वेगळे अँकर लागतात. पलंगाच्या डोक्यावरची काचेची फ्रेम आजच काढा. माळ्यावर पितळी घागरी ठेवल्या असतील तर त्या खाली आणा. माझ्या स्वतःच्या घरात हा वाद पंधरा दिवस चालला होता, घागरी सासूबाईंच्या होत्या. शेवटी त्या दिवाणखान्यात जमिनीवर आल्या आणि शोभेच्या झाल्या. पलंगाजवळ चपला आणि बॅटरी ठेवा, कारण अंधारात काचांवरून अनवाणी चालून पाय कापून घेणाऱ्यांची संख्या कमी नसते.

इमारत कशी आहे हा प्रश्न मात्र तुमच्या एकट्याचा नाही, सोसायटीचा आहे. २६ जानेवारी २००१ ला भुजला ७.७ चा भूकंप झाला आणि केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती बसल्या. त्यांतल्या अनेकांत खाली पार्किंगसाठी नुसते खांब होते आणि वर भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग कडक, खालचे पाय लुळे, सगळी हालचाल त्या एका मजल्यात. पुण्यातही पार्किंगवर उभ्या इमारती असंख्य आहेत. २००२ च्या नकाशात पुणे झोन तीनमध्ये होतं आणि कोयनानगर हवाई अंतराने सव्वाशे किलोमीटरवर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सहापेक्षा मोठा भूकंप झाला तो पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला, कोयना भागात सुमारे १८० माणसं गेली. सर्वसाधारण सभेत दोन गोष्टी मागा: मंजूर स्ट्रक्चरल नकाशे आणि आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या काँक्रीट बांधकामाच्या मानकाप्रमाणे खांबांतल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळणारी कडी, टाकल्या होत्या का, याचं उत्तर. नकाशे मिळाले नाहीत तर स्ट्रक्चरल ऑडिट. आणि पार्किंगमधल्या खांबाला कुणी पाइपसाठी छिन्नी मारली आहे का, ते आधी फिरून बघा. एका सोसायटीत मी खांबात कोरलेलं नळाचं खोबण बघितलं, आतली सळई कापून नळ नेला होता. प्लंबर त्याचं कौतुकाने दाखवत होता.

धक्का थांबल्यावर गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, मग जिन्याने खाली. गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही. पुढचे धक्के येतात, बहुधा लहान, पण मोडकळलेल्या भिंतीला लहानही पुरतो. म्हणून माळवदाच्या घरात पैसे-दागिने आणायला परत शिरायचं नाही. माणूस ढिगाऱ्यात अडकला असेल तर तोंडावर कापड धरून, पाइपावर किंवा दगडावर थांबून थांबून ठोकत राहावं. ओरडणं शेवटी, धुळीने घसा जातो.

परत आत जाण्याआधी भेगा बघा. तुमच्या फ्लॅटमध्ये बीम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर गिलाव्याची केसाएवढी रेघ दिसली तर घाबरू नका. खांबावर तिरकी, फुलीसारखी भेग दिसली किंवा काँक्रीट फुटून सळई उघडी पडली तर इंजिनिअर येईपर्यंत आत जायचं नाही. गावच्या घरात कोपऱ्यात खालून वर रुंद होत गेलेली उभी भेग, किंवा सुटलेलं पोट. तिथे पहिली रात्र अंगणातच.

आईची झोप उडाली आहे, त्याबद्दल. रात्री अमुक वाजता मोठा भूकंप येणार असे निरोप फिरतात, ते सगळे खोटे. भूकंपाची वेळ आधी सांगणारी विद्या जगात कुणाकडे नाही. पण ‘लहान धक्के येऊन जातात म्हणजे जमिनीतला जोर निघून जातो, आता भीती नाही’ हेही तिला सांगू नका. ४.५ च्या तुलनेत ६.२ च्या भूकंपात सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा असते, एक-दोन लहान धक्क्यांनी तो हिशेब फिटत नाही. किल्लारीलाही आदल्या वर्षी धक्के जाणवले होते.

तिला खरं तेच सांगा, आणि त्याबरोबर बाज हलवून द्या. उन्हाळ्यात माळवद उतरवायचं ठरलं तर मातीची जाडी, खणांची संख्या आणि तुळया कुठे टेकल्या आहेत ते लिहून पाठवा, टेकूंची मापं मी काढून देतो. आज रात्रीपुरतं फोन करून एवढंच विचारा की बाबांचं अंथरूण कुठल्या भिंतीला लागून आहे.